पाचव्या दाराचा आकडा

आचोळ्याला एक इमारत पाडायची ठरली होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी कपाटाचा सौदा करत होते. जुनं सामान उचलणं हा माझा धंदा. नव्या घरात जाताना लोक जुनं लाकूड मागे ठेवतात. पलंग, कपाटं, दरवाजांच्या जोड्या मी नेते, घासूनपुसून विकते. वीस वर्षांत हा धंदा मी एकटीने उभा केला आणि सौद्यात मी सहसा कुणाला हार जात नाही. त्या दिवशीही घरमालक काका शेवटी कपाळाला हात लावून बसले.

“कपाट घेतलं, पलंग घेतला. आता वर एक वस्तू अशीच द्यायची,” मी म्हटलं.

“घ्या हो बाई, काय हवं ते घ्या. पण डोकं नका खाऊ.”

माळ्यावर बुटांचा एक खोका होता. आत काळा प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट, वायरींचा गुंता आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवरच्या चित्राचा रंग उडाला होता, तरी डोक्यावर टोपली घेतलेला तो राजपुत्र मी अंधारातही ओळखला असता.

माझा टेम्पो चालवणारा हरेश खाडीकडच्या गावचा. त्याने खोका हलवून पाहिला. “ताई, यो डबा खाली टाकू? काय कामाचा नाय.”

“हात लावायचा नाही त्याला!” मी एवढ्या जोरात ओरडले की त्याच्या हातून पलंगाची फळी सुटली आणि काका दचकून उभे राहिले.

टेम्पोत तो खोका मी मांडीवर घेऊन बसले. प्लास्टिकला जुना, बंद कपाटातला वास येत होता. मला मात्र सुकेळीचा वास यायला लागला.

नंदाखालला आमची वाडी होती. पुढे घर, मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं आमचं डबकंच म्हणा, पण त्यावर अख्खी वाडी जगायची. बावखलाच्या काठाने नारळ, मग सुपारी, मग केळी, आणि सगळ्यांच्या सावलीत पानवेली. दुपारी पानवेलीच्या वाफ्यात शिरलं की अंगावर थंड, तिखट असा एक श्वास यायचा. पावसाळा सरला की राजेळी केळी पिकवून, सोलून आई अंगणातल्या मांडवावर वाळत घालायची. रोज दुपारी एकेक केळं उलटायचं, संध्याकाळी झाकून ठेवायचं. आठवड्याभरात त्यांची मधासारखी तपकिरी सुकेळी व्हायची, बोटांना चिकटायची. माझी बोटं तेव्हा दिवाळी ते होळी चिकटच असायची. दादाची नाही. उलटायचं काम माझं होतं.

मामा बोटीवर नोकरीला होता. एका दिवाळीला आला तो हा व्हिडिओ गेमचा डबा घेऊन. टीव्हीच्या मागे वायर खोचायची, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची, मग एक बारीक, किणकिणती धून वाजायची आणि पडद्यावर नदी उगवायची. शेजारपाजारची पोरं ओटीवर गोळा व्हायची. पण रिमोट दादाच्या हातात. मी सातवीत, तो नववीत. पडद्यावरचं इंग्रजी त्याला वाचता यायचं, मला नाही, त्यामुळे राजपुत्र त्याचाच होता.

त्या खेळात शेवटी एक बाग होती. राजपुत्राची आई आजारी, तिच्यासाठी बागेतलं एक फळ न्यायचं. टोपलीत हवी तेवढी फळं भरायची, नव्व्याण्णवपर्यंत. परतीच्या वाटेवर पाच दारं आणि दर दारात एक पहारेकरी. तो टोपलीतली अर्धी फळं काढून घेणार आणि वर एक. पाचव्या दारातून बाहेर पडताना टोपलीत नेमकं एक फळ उरलं पाहिजे. तर सुरुवातीला किती तोडायची? आकडा तीन वेळा चुकला की खेळ पहिल्यापासून. परत नदी, परत साप, परत तो डुगडुगणारा पूल. तासभर गेलाच.

मामाने मिशीवरून हात फिरवत जाहीर केलं होतं, “पाचवं दार जो उघडेल त्याला वसईला कॉम्प्युटर क्लासला घालतो. बोललो म्हणजे बोललो.”

तो क्लास मी पाहिला होता. आईबरोबर वसईला बाजारात गेले होते तेव्हा. काचेचं दार, बाहेर चपलांची रांग. कुणीतरी आत गेलं आणि दार मिटायच्या आत गार हवेची एक झुळूक माझ्या पायांवर आली. आत ओळीने पडदे चमकत होते, आणि एक मुलगी, माझ्याहून फार मोठी नसेल, पाठ ताठ करून टकटक करत होती. आईने हात ओढेपर्यंत मी तिथेच उभी होते. त्या मुलीची वेणी अजून आठवते मला. लाल रिबीन होती.

दादाने त्या पाच दारांसाठी अर्धी वही भरली. क्ष धरला, क्ष छेद दोन केलं, वजा एक केलं, पानाच्या शेवटी क्षचं शेपूट एवढं लांब व्हायचं की तो चिडून पान फाडायचा. मी मागून डोकावले की म्हणायचा, “बाय, तू सुकेळी उलट जा. तुला गणितात किती पडले माहीत आहे.”

मला गणितात कमीच पडायचे. पण एका दुपारी मी कोठीत सुपाऱ्या निवडत बसले होते आणि आई नात्यातल्या घरांना पाठवायची सुकेळी वेगळी काढत होती. तिची पद्धत अशी, की आपल्या घरात शेवटी किती उरायला हवीत ते आधी बाजूला काढायचं आणि तिथून मागे मागे मोजत यायचं. मी तिच्या हाताकडे बघत होते आणि एकदम माझ्या मानेवर काटा आला. मी सुपाऱ्या जमिनीवर मांडल्या. शेवटी एक. त्याच्या आधी किती? त्याच्या आधी? मागे मागे जात पाचव्या वेळी त्रेसष्ट सुपाऱ्या झाल्या. मी धावत ओटीवर गेले.

“दादा, उलटं जायचं! शेवटच्या दाराकडून! त्रेसष्ट!”

“कसं?”

मी सांगितलं. तो डोळे बारीक करून ऐकत राहिला. तेवढ्यात आईची हाक आली, आभाळ भरलंय, मांडव झाक. मी गेले. आभाळ खोटं निघालं, थेंबही पडला नाही, पण सगळी केळी झाकून होईपर्यंत अर्धा तास गेला. मी परत आले तर धून वाजत होती. नेहमीची नाही, दुसरीच, कधी न ऐकलेली. पडद्यावर राजपुत्राची आई उठून बसली होती. मामा दादाची पाठ थोपटत होता. “शाब्बास रे वाघा! एकट्याने उघडलंस?”

दादा म्हणाला, “हो.”

माझ्या हाताला सुकेळी चिकटलेली होती. मी दारात उभी होते आणि काहीही बोलले नाही.

पुढचं काय सांगायचं. दादा सायकलवरून क्लासला जायला लागला, मग कॉलेज, मग पुण्याची नोकरी, तिथेच घर. मी दहावीनंतर डोक्यावर पाटी घेतली, सुकेळी आणि पानं विकली, मग जुन्या खुर्च्या, मग कपाटं. वाडीतली अर्धी जागा गेली, बावखलाचा एक कोपरा बुजला. पानवेली कधी संपल्या ते नेमकं सांगता येणार नाही. एका वर्षी बघितलं तर नव्हत्या. आता त्या बाजूने गेले तर तो तिखट श्वास कुठेच येत नाही, फक्त ओल्या सिमेंटचा येतो.

पण ते “हो” माझ्यापाशी जसंच्या तसं राहिलं. मी दादाला सरळ कधी विचारलं नाही. टोमणे मारले. त्याच्या वास्तुशांतीला म्हटलं, “तुझं बरं आहे बाबा, तुला दारं पटापट उघडतात.” त्याने खाली बघितलं, वहिनीला वाटलं मी घराचं कौतुक केलं. गिऱ्हाइकांशी भांडताना, बिल्डरच्या माणसांना झापताना मला आतून एक खात्री असायची, की माझं डोकं चालतं. त्रेसष्ट मीच काढला होता. माझ्या हक्काची खुर्ची त्या काचेच्या दारामागे होती आणि ती माझ्या भावाने एका शब्दात उचलून नेली.

माझ्या गोडाऊनमध्ये मागे फुगीर असे जुने टीव्ही आहेत, कुणी घेत नाही. त्यातला एक पुसला, वायर खोचली. कॅसेटमध्ये फुंकर मारली तेव्हा तोंडात धूळ गेली. तिसऱ्या फुंकरीला धून वाजली आणि हरेश डबा उघडून जेवत होता तो घास हातात धरून बघत राहिला.

“ताई, तुमी खेलनार?”

“जेव तू.”

नदी पार करायला मला चार वेळा मरावं लागलं. सापाने दोनदा खाल्लं. रिमोटचं उजवं बटण अडकत होतं, ते मी दातओठ खाऊन दाबत होते. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना नंतर या म्हटलं. शेवटी बाग आली. अगदी तीच, हिरव्या ठोकळ्यांची झाडं, लाल ठिपक्यांची फळं. मी मान ताठ केली आणि टोपलीत त्रेसष्ट फळं भरली.

पहिल्या दारातल्या पहारेकऱ्याने टोपलीत बघितलं, मान हलवली आणि राजपुत्राला ढकलून दिलं.

मला वाटलं बटण चुकलं. पण आकडा वर दिसत होता, त्रेसष्ट. पाचवं सोडाच, पहिलंच दार उघडलं नाही. कदाचित मी एकाने चुकत असेन. बासष्ट भरली. पहिलं दार उघडलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवंही उघडलं! मी खुर्चीतून उठले. राजपुत्र आईच्या पलंगापाशी गेला, टोपली उलटी केली. आत काहीच नव्हतं. चौसष्ट भरली, दुसऱ्या दारातून हाकलला. तीन वेळा चुकलं. परत नदी.

रिमोट मी कपाटावर आपटला. हरेशने हळूच आपला डबा बंद केला.

राग पहारेकऱ्याचा नव्हता. त्रेसष्टवर मी तीस वर्षं उभी होते. त्रेसष्ट खोटा असेल तर दादा खरा. मग मी एवढी वर्षं कशाच्या जोरावर बोलत होते? हे मला लगेच, तिथल्या तिथे कळायला हवं होतं. मी पुण्याला फोन लावला.

“दादा, त्या बागेच्या गेमचा आकडा काय होता?”

कुठला गेम, कुठली बाग, काही विचारलं नाही त्याने. “चौऱ्याण्णव,” म्हणाला.

“त्रेसष्ट होता.”

“त्रेसष्टचे अर्धे कसे होणार, बाय? पहिल्याच दारात हाकलतो तो.”

“मला शिकवू नकोस!” मी म्हटलं आणि फोन कापला.

मग दारांच्या जुन्या पितळी मुठींची पेटी ओढली आणि जमिनीवर बसले, चाळिशी ओलांडलेली बाई, फतकल मारून. त्या दुपारी सुपाऱ्या कशा मांडल्या होत्या ते हातांना आठवत होतं. शेवटी एक. त्याची दुप्पट दोन, त्यात एक घाल, तीन. तिनाचे सहा, एक घाल, सात. पंधरा, एकतीस, त्रेसष्ट. चूक कुठे होती?

मुठी हातात घोळवत बसले आणि बावखलाच्या काठचे नारळ आठवले. ती झाडं आमची आणि आमच्या चुलत्यांची सामाईक. नारळ उतरवले की आई वाटण्या करायची, आणि वाटण्यांआधी ढिगातला एक नारळ उचलून तुळशीपाशी ठेवायची. “आधी देवाचा, मग वाटण्या,” हे तिचं ठरलेलं. आमच्याकडे कुठलीही वाटणी अशीच. चिकू असोत, पानं असोत, आधी एक बाजूला, मग अर्धे अर्धे. म्हणून दादाने वाचून दाखवलं, ‘अर्धी आणि वर एक’, तेव्हा माझ्या डोक्यात एक आधी निघाला आणि अर्धे नंतर झाले. दुसरं काही असू शकतं हे मला सुचलंच नाही. पण पहारेकरी आमच्या वाडीतला नव्हता. तो आधी अर्धी घ्यायचा, आणि मग वर एक.

मी मुठी परत मांडल्या. हातात एक. त्याने शेवटी वर घेतलेलं परत घे, दोन. ते अर्धे होते, म्हणजे आधी चार. पाच, दहा. अकरा, बावीस. तेवीस, शेहेचाळीस. सत्तेचाळीस, चौऱ्याण्णव.

दादाचाच आकडा.

परत नदी, परत साप, परत पूल. बटण अडकत होतं. चौऱ्याण्णव भरून मी चालत गेले, एकेका दाराशी टोपली हलकी होत गेली, आणि पाचव्या दारानंतर ती दुसरी धून वाजली. आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकली. राजपुत्राची आई उठून बसली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त चीड आली, की एवढंसं होतं. आधी की नंतर, एवढंच. आणि त्या दुपारी आभाळ भरलं नसतं, मी ओटीवर थांबले असते, तर पहिल्या दारात हाकलल्यावर मीही ते बघितलं असतं, मलाही ते सुधारता आलं असतं, नाहीतर दोघांनी मिळून सुधारलं असतं. आभाळ तर खोटंच होतं.

मी परत फोन लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

“चौऱ्याण्णव बरोबर आहे,” मी म्हटलं.

“हं,” तो म्हणाला.

“आता तू सांग. उलटं जायचं कुणी सांगितलं होतं?”

“तू,” तो म्हणाला. “मी वहीत क्ष मांडत बसलो होतो. तू सांगितलंस म्हणून मी शेवटून सुरू केलं. त्रेसष्ट चालला नाही, मग मी बघितलं की आधी अर्धे होतात. बाय, मामाने विचारलं तेव्हा तू दारात होतीस. मी बघितलं होतं तुला.”

“बघितलं होतंस?”

“हो.”

“आणि तरी?”

“मला पण क्लासला जायचं होतं गं.”

तीस वर्षं मी या वाक्यासाठी शिव्या तयार ठेवल्या होत्या. ऐनवेळी एकही ओठांवर आली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. “मामाला फोनवर घे,” मी म्हटलं. “आत्ता. तिघांचा लाव. त्याला सांग.”

“आता? मामा ऐंशीचा झालाय.”

“म्हणूनच आत्ता.”

मामा विरारला मुलाकडे असतो. झोपेतून उठला होता, खोकत खोकत बोलायला आला. “कोण? दोघं एकदम? कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं, मामा,” दादा म्हणाला. “तुम्ही आणलेला तो गेम होता ना, बागेचा? पाच दारांचा?”

“माझा डबा! हो हो. तू उघडलं होतंस.”

“ते बायने उघडलं होतं. मी खोटं बोललो.”

मला हेच हवं होतं. अगदी हेच शब्द, तीस वर्षं. दादाने अख्खा सौदा माझ्या पदरात टाकला होता. आणि मला तो घेता येईना. चौऱ्याण्णव माझ्यासमोर जमिनीवर मांडलेला होता.

“तसं नाही, मामा,” मी म्हटलं. “उलटं जायचं मी सांगितलं होतं. पण आकडा माझा चुकला. बरोबर आकडा दादाने काढला. अर्धं माझं, अर्धं त्याचं. जास्त नाही, कमी नाही.”

मामा खोकला. मग तो अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलला.

“मग तेव्हा बोललात का नाही दोघं? दोघांनाही घातलं असतं की क्लासला. मला काय जड होतं?”

माझ्या धंद्यात माझी ओळखच अशी, की मी मागायला लाजत नाही; समोरचा नाही म्हणाला तरी मी उंबऱ्यातून परत फिरून मागते. आणि त्या दुपारी, चिकट हातांनी दारात उभी असताना, ‘मामा, मलाही’ एवढं म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. एकच खुर्ची आहे असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. तसं कुणीच म्हटलं नव्हतं.

“हॅलो? आहात का रे पोरांनो?” मामा विचारत होता. “का ठेवलात?”

“आहोत, मामा,” दादा म्हणाला.

मी फोन कानाला लावून नुसती जमिनीवर बसून राहिले, आणि हरेश, कुणी न सांगता, टीव्हीचा आवाज बारीक करायला उठला.